आरएक्सचं क्रँक सील: बोअरला हात लावायच्या आधी

तुमची गाडी वडिलांची, 1993 ची यामाहा आरएक्स 100. चार वर्षं जुळे सोलापुरातल्या घरी जिन्याखाली उभी होती, दिवाळीत बाहेर काढलीत. पंधरा दिवस बरी चालली. आता मागे पांढऱ्या धुराचा लोट, डाव्या बाजूला मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या चुंबकाच्या चाकाच्या) कव्हरखाली तेलाचा ओलावा, गरम झाली की रेस खाली यायचं नाव घेत नाही, आणि महिन्याभरात गिअर ऑइल दीडशे-दोनशे मिली कमी. एक मिस्त्री म्हणतो बोअर-पिस्टन करा, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठं करा आणि नवा पिस्टन टाका. दुसरा म्हणतो नुसतं क्रँकचं सील आहे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याभोवतीची रबरी कडी, सकाळी गाडी द्या, संध्याकाळी न्या. कुणाचं ऐकू, असं विचारलंत.

दुसऱ्याचं निदान बरोबर वाटतंय, पण त्याची घाई मला पटत नाही. आणि बोअरला आत्ता कुणाला हात लावू देऊ नका.

बोअर सांगणाऱ्या मिस्त्रीचा फार दोष नाही. गेली वीस-पंचवीस वर्षं त्याच्यासमोर येतात त्या सगळ्या फोर स्ट्रोक गाड्या. त्यांच्यात पिस्टनच्या खाली ऑइल भरलेलं असतं, रिंगा झिजल्या की ते वर चढतं, जळतं आणि धूर होतो. धूर म्हणजे बोअर, हे गणित तिथे बहुतेक वेळा जुळतं. आरएक्स टू स्ट्रोक आहे. तिच्या पिस्टनखाली ऑइल भरलेलंच नसतं. तिथे पेट्रोल-हवेचं मिश्रण येतं, आणि ऑटोल्यूबचा, म्हणजे आपोआप ऑइल सोडणारा, पंप देईल तेवढं टू-टी ऑइल. मग दीडशे मिली गिअर ऑइल जळायला वर गेलं कुठून? रिंगांतून जायला तिथे रस्ताच नाही. ते बाजूच्या भिंतीतून आत आलंय, आणि त्या भिंतीला ज्या ठिकाणी भोक आहे तिथे सील आहे.

टू स्ट्रोकची क्रँक केस म्हणजे एक पिचकारी समजा. पिस्टन वर गेला की खाली ओढ तयार होते, कार्ब्युरेटरमधून मिश्रण आत येतं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन पोर्टांतून, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या वाटांतून, वर चढतं. मिनिटाला हजारो वेळा ओढ आणि दाब, आळीपाळीने. या पिचकारीच्या दोन्ही भिंतींतून क्रँकचा शाफ्ट बाहेर येतो, म्हणून दोन सील. फोर स्ट्रोकमध्ये हे सील गेलं तर ऑइल बाहेर ठिबकतं, कव्हर घाण होतं, एवढंच. इथे मात्र इंजिनाचा श्वासच बिघडतो.

उजवीकडचं, म्हणजे क्लचकडचं सील गेलं, की ओढीच्या वेळी गिअर ऑइल आत शोषलं जातं. जमिनीवर एक थेंब दिसत नाही आणि ऑइल मात्र कमी होत जातं. धूर दाट आणि पांढरट. लांब उतारावर थ्रॉटल सोडून आलात आणि परत रेस दिली की मागचा माणूस दिसेनासा होतो, कारण थ्रॉटल बंद असताना आतली ओढ सगळ्यात जास्त असते. प्लग काढलात तर ओला, काळा, तेलकट. उलटंही घडतं: दाबाच्या वेळी पेट्रोल त्याच वाटेने गिअर ऑइलमध्ये घुसतं. म्हणून गिअर ऑइल काढाल तेव्हा दोन बोटांत चोळून वास घ्या. पेट्रोलचा वास आला आणि ते पाण्यासारखं पातळ लागलं, तर उजव्या सीलबद्दल मला दुसरा पुरावा नको. ऑइल मापाच्या भांड्यात काढा. बदलताना साधारण साडेसहाशे मिली जातं, किती कमी झालंय ते नेमकं कळेल.

डावीकडचं, मॅग्नेटमागचं सील गेलं तर धूर नाही, आवाज नाही, आणि तेच जास्त घातक. तिकडे ऑइल नाही, नुसती हवा आहे. ओढीच्या वेळी ती फुकटची हवा आत जाते आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. रेस अडकून राहते, इंजिन तापतं, आणि एक दिवस पिस्टन पकडतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो. तुमच्याकडे दोन्ही बाजूंची लक्षणं आहेत. तेव्हा हे पूर्ण होईपर्यंत गाडी लांब नेऊ नका.

हे सांगतो त्याला कारण आहे. एका गिऱ्हाइकाची रेस अशीच वर राहायची. त्याने आयडलचा स्क्रू खाली करून घेतला, तरी राहिली. मग कुणीतरी कार्ब्युरेटरचा जेट मोठा टाकून दिला, रेस बसली, सगळे खूश. हवा मात्र येतच होती. कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्या मंडळींसाठी तो पाण्याचे कॅन पोचवत होता. घाटात, दोन कॅन आणि एक माणूस मागे, गाडी जागच्या जागी आवळली. सील काही शे रुपयांचं, शेवटी बोअर, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड असा सगळा खर्च झाला. रेस वर राहते तेव्हा आधी हवा कुठून येते ते शोधायचं, कार्ब्युरेटरला नंतर बघायचं.

आता तो कव्हरखालचा ओलावा. तो क्रँक सीलचाच असेल असं धरून चालू नका. त्याच बाजूला चेनच्या पुढच्या स्प्रॉकेटमागे एक सील आहे, गिअर लिव्हरच्या शाफ्टला एक आहे. दोन्हींतून गिअर ऑइल गळतं आणि वाऱ्याने सगळीकडे पसरतं. वर आपल्याकडे चेनला जळकं ऑइल ओतायची सवय. ते उडून कव्हरच्या आत साचतं आणि माणूस इंजिन खोलायला निघतो. म्हणून कव्हर काढा, रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने सगळं धुवा, पुसून कोरडं करा, वर अंगाला लावायची टाल्कम पावडर भुरभुरवा. कव्हर लावून होटगीपर्यंत सावकाश जाऊन या, तेवढं चालेल. पावडरवर ओली रेघ कुठून सुरू झाली ते स्पष्ट दिसतं. मॅग्नेटच्या मागून, मधल्या भागातून काळपट ओल आली तर क्रँक सील. ते गिअर ऑइल नसतं, टू-टी मिसळलेलं पेट्रोल असतं, वासावरून कळतं.

यानंतरची तपासणी बहुतेक जण करतच नाहीत, आणि म्हणूनच नवं सील महिन्याभरात परत गळतं. मॅग्नेट दोन्ही हातांनी धरा आणि वर-खाली हलवा. फिरवायचं नाही, वर-खाली. हाताला टकटक जाणवली तर क्रँकचं बेअरिंग गेलंय. शाफ्ट केसाएवढा जरी नाचत असला, तरी सीलच्या आतल्या कडेचा रबरी ओठ त्याच्यामागे किती पळणार? मॅग्नेट काढल्यावर आतल्या कॉइलच्या पत्र्यांकडेही बघा. एका बाजूला घासून चकाकी आली असेल तर मॅग्नेट तिथे टेकतंय, म्हणजे बेअरिंग तरी गेलंय किंवा क्रँक वाकडा आहे.

मी शिकाऊ असताना हीच चूक केली. अक्कलकोटच्या एका माणसाच्या गाडीचं सील बदललं, चकाचक पुसून दिली. सोळाव्या दिवशी तो परत, तोच ओलावा. उस्तादांनी मला काही विचारलं नाही. माझा हात धरून मॅग्नेटवर ठेवला आणि हलवला. तो टकटक आवाज मला अजून ऐकू येतो. ते काम मी फुकट केलं, पैसे माझ्या पगारातून गेले.

तुमची गाडी चार वर्षं उभी होती, त्यामुळे मला बेअरिंगचा संशय जास्त आहे. बंद क्रँक केसमध्ये दमट हवा अडकते, गोळ्यांवर गंजाचे ठिपके धरतात. फिरवताना खरखर लागते, हरभरे भरडल्यासारखी. सीलचंही तसंच: ओठ शाफ्टला चिकटून बसतो आणि पहिल्या किकला फाटतो. पंधरा दिवस बरी चालून मग बिघडली, ते याच्याशी जुळतं.

हवा नेमकी कुठून जाते ते बघायला महागडं यंत्र लागत नाही. माझ्याकडे एका डॉक्टरांनी टाकून दिलेलं बीपीचं मशीन आहे, घड्याळाचं, पाऱ्याचं नव्हे. त्याचा काटा 300 पर्यंत जातो, आणि 300 म्हणजे पावणेसहा पीएसआय. टू स्ट्रोकच्या केसला तपासणीसाठी एवढाच दाब द्यायचा असतो, त्याहून फार जास्त दिलात तर चांगलं सीलसुद्धा जागेवरून निघू शकतं. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि वर पट्टी आवळा. कार्ब्युरेटर काढून त्याच्या जागी रबरी बूच घट्ट बसवा, टू-टी ऑइलची बारीक नळी बंद करा. जुना प्लग पोकळ करून त्यात मशीनची नळी चिकटवा आणि तो प्लगच्या जागी लावा. पिस्टन अगदी खाली आणा, म्हणजे पोर्ट उघडे राहून वरचा-खालचा भाग एक होतो. आता फुगा दाबून काटा 280 वर न्या आणि घड्याळ बघा. तीन मिनिटांत काटा जेमतेम हलला तर ठीक. अर्ध्या मिनिटात शंभरावर आला तर साबणाचं पाणी आणि ब्रश घ्या. डावीकडे सीलभोवती लावा, सिलिंडरच्या बुडाच्या पॅकिंगला लावा, केसच्या मधल्या जोडाला लावा. उजवीकडचं बघायला गिअर ऑइलचं झाकण काढून भोकावर साबणाचा पापुद्रा धरा. तो फुगायला लागला तर हवा सीलमधून गिअर बॉक्समध्ये जातेय.

एक बारकावा. दाबाने सीलचा ओठ शाफ्टवर आणखी आवळला जातो, म्हणून दाबात पास होणारं सील ओढीत नापास होऊ शकतं. दाब टिकला पण लक्षणं तशीच असतील, तर त्याच नळीला मोठी सिरिंज लावून हवा ओढून बघा. दट्ट्या ओढून धरलेला हात किती वेळ ताणलेला राहतो, त्यावरूनही अंदाज येतो.

सायलेन्सर निघालाच आहे तर टॉर्च धरून एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टन बघून घ्या. किक हळूहळू हाताने दाबत पिस्टनचा सगळा भाग समोर आणा. उभे ओरखडे नसतील आणि किकला दम असेल, तर बोअरचा विषय तिथेच संपला.

आता खोलण्याबद्दल. मॅग्नेट काढायला त्याच्या आट्यांत बसणारा पुलरच, म्हणजे ओढून काढायचं हत्यारच, वापरा. आरएक्सचा क्रँक एकसंध नसतो, दोन वजनदार चकत्या मधल्या पिनवर प्रेसने बसवलेल्या असतात. शाफ्टच्या टोकावर हातोडी मारली की त्या चकत्या एकमेकींपासून सरकतात, आणि ते डोळ्याला दिसत नाही, गाडी थरथरायला लागल्यावर कळतं. संध्याकाळी गाडी देणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: पुलर आहे का? तो हातोडीकडे बघायला लागला तर गाडी घरी आणा.

मॅग्नेटखालची अर्धचंद्र चावी, म्हणजे मॅग्नेट शाफ्टवर जागच्या जागी धरणारा लोखंडी तुकडा, लगेच डबीत टाका. क्लचकडे प्रायमरी गिअरचा नट सैल करताना दोन गिअरच्या दातांत मऊ धातू अडकवावा लागतो. मी अजून जुनं दहा पैशांचं ॲल्युमिनियमचं नाणं वापरतो, स्क्रू-ड्रायव्हर नाही, दात तुटतो. जुनं सील काढण्याआधी ते किती खोल बसलंय आणि कुठलं तोंड बाहेर आहे याचा फोटो काढा. सीलच्या पाठीवर बारीक भोक पाडून त्यात स्क्रू फिरवायचा आणि पक्कडने ओढायचं, पण ड्रिलच्या टोकाला टेप गुंडाळून खोली बांधून घ्या. मागे लगेच बेअरिंग आहे, कीस आत गेला तर केस उघडावीच लागेल. आणि ओढायच्या आधी सीलची कड नीट बघा. काही इंजिनांत सीलला बाहेरून कॉलर असते आणि ती केसच्या खाचेत अडकलेली असते. तसलं सील बाहेरून निघत नाही, जोर केलात तर केसची कड तुटते.

सील निघाल्यावर शाफ्टवरून नख फिरवा, लांबीच्या दिशेने. जिथे ओठ घासत होता तिथे नख अडकलं तर खाच पडली आहे. बारीक असेल तर हजार नंबरची एमरी ऑइलमध्ये भिजवून गोल फिरवत पॉलिश करा. उभी घासलीत तर प्रत्येक ओरखडा हवेचा रस्ता होतो. खोल असेल तर नवं सील एखाद मिलिमीटर पुढे-मागे बसवून ओठ कोऱ्या जागी आणता येतो, जागा असेल तर. नाहीतर शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवायची.

सील घेताना जुनं हातात घेऊन जा. त्यावर तीन आकडे असतात: शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. बेअरिंगच्या दुकानात आकड्यांवरून मिळेल, पण साधं काळं नायट्राइल रबर घेऊ नका, फ्लुरोरबरचं मागा. बोलीभाषेत व्हायटॉन, बहुतेक वेळा तपकिरी असतं. साधं नायट्राइल शंभर अंशांच्या आसपास थकायला लागतं, हे दोनशेपर्यंत टिकतं. दुसरं कारण पेट्रोल. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल असतं. आपला साखर कारखान्यांचा जिल्हा, त्यामुळे तक्रार कोणत्या तोंडाने करायची, पण जुन्या गाडीचं जुनं रबर त्याने फुगतं आणि मऊ पडतं.

बसवताना सगळ्यात जास्त सीलं कशाने फुकट जातात सांगू? शाफ्टवर त्या अर्धचंद्र चावीसाठी असलेल्या खाचेने. नवा ओठ त्या धारदार कडेवरून सरकतो आणि ब्लेडने कापल्यासारखा चिरतो, वरून काही दिसत नाही. दुधाची रिकामी पिशवी धुवून तिचा तुकडा शाफ्टवर गुंडाळा, वर टू-टी ऑइल लावा, सील त्यावरून सरकवा आणि पिशवी ओढून काढा. डावीकडच्या सीलची स्प्रिंगची बाजू आत, क्रँककडे. उजवीकडे फोटोवरून, आणि आधी कुणी उलटं बसवल्याची शंका असेल तर नव्या सीलचे दोन्ही ओठ नीट बघून. सीलच्या बाहेरच्या कडेएवढ्या व्यासाचा पाइप किंवा गोटी (सॉकेट पाना) घेऊन चारी बाजूंनी हलके ठोके. जुनं होतं त्याहून खोल नेऊ नका. सिलिकॉनचे थर देऊ नका. बाहेरची कड खरवडली असेल तर गॅस्केट गमचं एक बोट पुरे.

मॅग्नेट परत लावण्यापूर्वी आतून हात फिरवा. चुंबक आहे, टेबलावरचा वायसर, नट, कीस काहीही उचलून बसतं आणि पहिल्या किकला कॉइल फाडतं. शाफ्टचा मॅग्नेट बसतो तो निमुळता उतार पेट्रोलने पुसून अगदी कोरडा ठेवा, तिथे ऑइल लावायचं नसतं.

बेअरिंगमध्ये टकटक किंवा खरखर सापडली, तर यातलं काही बाहेरून करू नका. इंजिन उतरवा, केस उघडा, दोन्ही बेअरिंग, दोन्ही सील, मधलं पॅकिंग एकदम करा. इंजिन ठेवायला जमिनीवर जाड जुनी चादर टाका. सोलापुरात ती शोधावी लागणार नाही, फक्त आईला विचारून घ्या. क्रँक बाहेर आलाच तर लेथवाल्याकडून तो सरळ आहे का तेही डायलवर बघून घ्या.

काम झालं की तीच बीपीची परीक्षा परत, आणि ती पास झाल्यावरच गिअर ऑइल. टू-टीची नळी खोलली असेल तर पंपाचा ब्लीड स्क्रू सोडून हवेचा शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत ऑइल वाहू द्या. नळीत बुडबुडा राहिला तर तेवढा वेळ पिस्टन कोरडा. मी तर पहिल्या दोन लिटर पेट्रोलमध्ये लिटरला 20 मिली टू-टी वेगळं मिसळतो, धूर झाला तर होऊ दे.

आणि धूर होणारच. जळलेलं गिअर ऑइल सायलेन्सरमध्ये साचलंय, ते तापून निघेपर्यंत वीस-तीस किलोमीटर जातील. सायलेन्सरचं बॅफल, म्हणजे आतली नळी, काढून रॉकेलमध्ये बुडवून, घासून लावलंत तर लवकर सुटका होईल. दोनशे किलोमीटरनंतर गिअर ऑइल पुन्हा मापाच्या भांड्यात काढा. जेवढं ओतलं तेवढंच निघालं पाहिजे.

बीपीचं मशीन हवं असेल तर माझं घेऊन जा. फक्त फुग्याला ऑइलचा हात लावू नका. मागच्या वेळी नेलेल्याने लावला, आता तो चिकट होऊन बोटं सोडत नाही.